सर्वांत तेजस्वी ज्ञात तारे कोणते, आणि त्यांपैकी खानदेशातून किती दिसतात?

अमळनेरचा_मास्तर
१४ फेब्रुवारी, रात्री ११.२०

गेल्या शनिवारी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शेतात, आठवी-नववीच्या वीस-बावीस मुलांना आकाश दाखवण्याचा योग आला. नऊच्या सुमारास व्याध दक्षिणेला चांगला वर आला होता आणि त्याच्या बराच खाली, तापीकडच्या सपाटीवर, अगस्त्य स्थिर उभा होता. व्याध हा आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा आणि अगस्त्य दुसरा, असे मी वर्षानुवर्षांच्या सवयीने सांगून टाकले. त्यावर मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, "सर, तेजस्वी म्हणजे दिसतो तसा, की असतो तसा?" नोकरीच्या एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

त्या रात्री दिलेले उत्तर घाईचे होते, म्हणून येथे नीट मांडतो. व्याधाची दृश्य प्रत उणे १.४६ आहे आणि अगस्त्याची उणे ०.७४, प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा ठळक, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट. या हिशेबाने व्याध अगस्त्याच्या जवळजवळ दुप्पट ठळक दिसतो. परंतु व्याध आपल्यापासून केवळ ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, तर अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर, म्हणजे छत्तीस पट दूर. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो, त्यामुळे अगस्त्याचा प्रकाश केवळ अंतरापायी तेराशे पट अधिक विरळ होऊन पोहोचतो आणि तरीही तो दुसऱ्या क्रमांकावर टिकतो. सूर्याशी तुलना केली तर व्याध २५ पट तेजस्वी भरतो आणि अगस्त्य, वेगवेगळ्या अनुमानांनुसार, १० हजार ते १६ हजार पट. बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील विजेरी डोळे दिपवते आणि घाटातून उतरणाऱ्या ट्रकचे दिवे मिणमिणते वाटतात, तसाच हा प्रकार आहे.

तारे एकाच अंतरावर, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांवर, आणून ठेवले तर कसे दिसतील, ते सांगणाऱ्या आकड्याला निरपेक्ष प्रत म्हणतात. आपला सूर्य तेथे ४.८ प्रतीचा, म्हणजे गावातील दिव्यांत हरवून जाईल असा तारा ठरतो. आता माझा प्रश्न असा, की या खऱ्या मोजपट्टीवर आज सर्वांत वर कोण आहे, आणि ते ठरवतात कसे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

केळीवाला_रावेर
१५ फेब्रुवारी, पहाटे ३.४०

गुरुजी, रात्रीची थ्री-फेज वीज आली की मला मोटार लावायला उठावेच लागते, त्यामुळे या वेळचे आकाश माझ्या ओळखीचे आहे. मोबाईलवर शोधले तर आर१३६ए१ असे एखाद्या बियाण्याच्या वाणासारखे नाव मिळाले. तो सूर्याच्या लाखो पट तेजस्वी आहे म्हणतात. एवढा तेजस्वी तारा मला माझ्या बागेतून का दिसत नाही, हे कोणी सांगेल काय?

लळिंगवरून
१५ फेब्रुवारी, सायंकाळी ७.०५

केळीवाले भाऊ, आपल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात आहे आणि ते खास खानदेशी आहे.

आर१३६ए१ हा तारा आपल्या आकाशगंगेत नाही. तिच्या शेजारच्या लहान दीर्घिकेत, मोठ्या मॅगेलनी मेघात, टॅरँट्युला नावाचा प्रचंड तेजोमेघ आहे आणि त्याच्या गाभ्यातील दाट तारकागुच्छात हा तारा बसला आहे. अंतर सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षे. खगोलीय विषुववृत्तापासून तो ६९ अंश दक्षिणेला येतो. एखाद्या ठिकाणचा अक्षांश ९० मधून वजा केला की तेथून दक्षिणेकडे कुठवरचे आकाश दिसू शकते ते कळते. रावेरचा अक्षांश २१ अंशांहून थोडा जास्त असल्याने हा तारा आपल्या क्षितिजाच्या एका अंशाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने खाली राहतो. चाळीसगाव त्याहून दक्षिणेला आहे, म्हणून तेथे तो गणिताने क्षितिजाच्या अर्धा अंश वर येतो. पण नेमका तेथेच दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर आडवा आहे. खानदेशच्या उत्तर भागाला तो क्षितिजाने नाकारला आणि दक्षिण भागाला डोंगराने. शिवाय त्याची दृश्य प्रत १२ च्या आसपास असल्याने तो डोक्यावर असता तरी मोठ्या दुर्बिणीशिवाय दिसला नसता.

आता तेजाविषयी. या ताऱ्याचा इतिहास म्हणजे फुगलेला आकडा हळूहळू ओसरण्याचा इतिहास आहे. या गुच्छाच्या गाभ्याला आर१३६ म्हणतात आणि तो प्रथम एकच तारा वाटत होता. १९८१ मध्ये अंतराळातील अतिनील दुर्बिणीच्या नोंदींवरून असे मांडले गेले, की गाभ्यातील ही वस्तू सुमारे २५०० सूर्यांच्या वस्तुमानाचा एकच महाकाय तारा असावी. पुढे १९८५ मध्ये वाइगेल्ट आणि बायर यांनी अत्यंत अल्प काळाची असंख्य छायाचित्रे घेऊन हवेच्या थरथरीचा परिणाम वजा केला, तेव्हा त्या 'एका' ताऱ्याचे आठ तारे निघाले. आर१३६ए१ ते आर१३६ए८ ही नावे त्यातूनच आली. हबल दुर्बिणीने नंतर तेथे आणखी गर्दी दाखवली.

२०१० मध्ये पॉल क्राउदर आणि सहकाऱ्यांनी ए१ साठी २६५ सूर्यवस्तुमान आणि सूर्याच्या ८७ लाख पट तेज असे आकडे दिले आणि ते जगभर गाजले. २०२० च्या अभ्यासात ते २१५ आणि ६२ लाख झाले, तर २०२२ मधील एका विश्लेषणात २२२ आणि ७२ लाख. सर्वांत कमी आकडा धरला तरी आपला सूर्य ७२ दिवसांत जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो तेवढी हा तारा एका सेकंदात टाकतो.

मास्तरांनी व्याधाचा विषय काढलाच आहे, म्हणून एक हिशेब करून पाहिला. आर१३६ए१ ला उचलून व्याधाच्या जागी ठेवले, तर त्याचा डोळ्यांना दिसणारा प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण पाव भरेल, आणि तोही तबकडीतून नव्हे, तर एका टिंबातून येईल.

शहाद्याची_प्राध्यापिका
१६ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

लळिंगवाले दादा, "डोळ्यांना दिसणारा" हा शब्द आपण टाकलात हे फार बरे केलेत, कारण या विषयातील बहुतेक गोंधळ तेथेच होतो.

ताऱ्याचे एकूण तेज दोन गोष्टींवर ठरते: त्याचे पृष्ठफळ आणि पृष्ठभागाचे तापमान. त्रिज्या दुप्पट झाली तर तेज चौपट होते, पण तापमान दुप्पट झाले तर सोळा पट होते. म्हणूनच आकाराने सर्वांत मोठे तारे तेजाने सर्वांत वर नसतात. मृगातील काक्षी हा तांबडा राक्षसी तारा सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाच्या कक्षेपलीकडे पोहोचेल अशी अनेक अनुमाने आहेत, तरीही तो साधारण साडेतीन हजार केल्व्हिनवर धुमसणारी शेगडी आहे आणि त्याचे तेज एक लाख सूर्यांच्या आसपास थांबते. आर१३६ए१ ची त्रिज्या सूर्याच्या सुमारे ४० पट, म्हणजे काक्षीच्या मानाने किरकोळ; परंतु त्याचे तापमान ४६ हजार केल्व्हिन आहे. सूर्याचे ५७७२. भागाकार करून चौथा घात काढला की बाकीचे गणित दहावीचा विद्यार्थीही पूर्ण करील.

एवढ्या तापलेल्या पृष्ठभागाचा बहुतांश प्रकाश अतिनील असतो. त्याचा कमाल बिंदू ६३ नॅनोमीटरजवळ येतो आणि आपला डोळा ४०० च्या खाली आंधळा आहे. या ताऱ्याची डोळ्यांपुरती निरपेक्ष प्रत सुमारे उणे ८ आहे, सर्व तरंगलांबी मोजल्या तर उणे १२. म्हणजे तो टाकतो त्याच्या चाळीसाव्या हिश्श्याचाच दृश्य प्रकाश होतो. 'सर्वांत तेजस्वी' म्हणताना आपण कोणते तेज मोजतो आहोत हे सांगितले नाही, तर यादीतील क्रम बदलू शकतो.

तापमान तरी कसे कळते? वर्णपटावरून. कोणत्या मूलद्रव्याचे अणू किती प्रमाणात इलेक्ट्रॉन गमावून बसले आहेत ते वर्णरेषांवरून दिसते, आणि त्या प्रमाणाचा तापमानाशी असलेला संबंध मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये समीकरणात बांधला. आजची प्रारूपे त्याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहेत, पण ताऱ्याच्या वर्णपटातून तापमान वाचण्याची वाट त्या समीकरणाने मोकळी केली.

याला वरची मर्यादा आहे का, असे विद्यार्थी हमखास विचारतात. आहे. प्रकाश स्वतः दाब देतो. तारा आपल्या वस्तुमानातील प्रत्येक सूर्यामागे साधारण ३३ हजार सूर्यांइतका तेजस्वी झाला, की बाहेर ढकलणारा प्रकाशाचा दाब आणि आत ओढणारे गुरुत्वाकर्षण यांची बरोबरी होते. यालाच एडिंग्टन मर्यादा म्हणतात. २०० सूर्यांच्या वस्तुमानाला ती ६६ लाख येते. वरचे ६२ आणि ७२ लाखांचे आकडे याशेजारी ठेवून पाहा. हा तारा मर्यादेच्या इतका जवळ आहे, की त्याच्या पृष्ठभागावरचा वायू सतत उधळला जातो आणि दर वर्षी पृथ्वीच्या कित्येक पट वस्तुमान वाऱ्यासारखे निघून जाते. त्याचे वय दहा-पंधरा लाख वर्षांच्या घरात असावे आणि एकूण आयुष्य तीसेक लाख. सूर्याचे सुमारे एक हजार कोटी वर्षे आहे.

गिरणाकाठ
१६ फेब्रुवारी, रात्री ९.५०

चर्चा उत्तम चालली आहे, तरीही एक शंका नम्रपणे मांडतो. बारा वर्षांत ८७ चे ६२ आणि ६२ चे ७२ लाख होतात. बाजार समितीत कापसाचा भाव इतका हलला तर आपण व्यापाऱ्यावर संशय घेतो. मग येथे विश्वास कशावर ठेवायचा?

लळिंगवरून
१७ फेब्रुवारी, सायंकाळी ६.३०

गिरणाकाठ भाऊ, शंका रास्त आहे, परंतु चूक कोठून येते ते पाहिले तर ती आंधळी चूक नाही हे लक्षात येईल.

या प्रकरणात अंतराचा घोळ जवळजवळ नाही. मॅगेलनी मेघातील एकमेकांना झाकणाऱ्या वीस जोडताऱ्यांवरून २०१९ मध्ये त्याचे अंतर सुमारे एक टक्क्याच्या अचूकतेने निश्चित झाले. विचित्र वाटेल, पण आपल्याच आकाशगंगेतील हंस समूहाचा मुख्य तारा याहून अवघड आहे. त्याचे लंबन, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा जेवढी सरकलेली दिसते ते, इतके सूक्ष्म आहे, की अंतर १४०० प्रकाशवर्षे धरायचे की २६००, यावर एकमत नाही, आणि त्यामुळे त्याचे तेजही सूर्याच्या ५५ हजार पटींपासून जवळजवळ दोन लाख पटींपर्यंत सांगितले जाते.

दुसरी अडचण धुळीची. धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या केंद्राजवळ, पिस्तूल तारा नावाचा तारा आहे. १९९७ मध्ये तो सूर्याच्या एक कोटी पट तेजस्वी असल्याचे जाहीर झाले होते. वाटेतील धूळ किती प्रकाश गिळते, त्यासाठी किती भर घालायची, आणि ताऱ्याचे तापमान किती मानायचे, हे सुधारल्यावर आकडा १६ ते ३३ लाखांवर आला. हंस समूहातील सिग्नी ओबी-२ गटाच्या बाराव्या ताऱ्याची गोष्ट उलट दिशेने तीच सांगते: धुळीमुळे त्याचा दृश्य प्रकाश सुमारे दहा हजार पट घटतो. मध्ये धूळ नसती तर तो आपल्या अंगणातून सहज दिसणारा तारा झाला असता.

आणि तिसरी, आर१३६ची मूळ अडचण म्हणजे गर्दी. शेजाऱ्याचा प्रकाश याच्या खात्यात जमा झाला की तेज फुगते. २०२२ मध्येच चिलीतील जेमिनी साउथ दुर्बिणीवरील झोरो या उपकरणाने या गाभ्याची आतापर्यंतची अत्यंत रेखीव प्रतिमा घेतली आणि त्यावरून ए१ चे वस्तुमान १७० ते २३० सूर्यांच्या दरम्यान असल्याचे अनुमान निघाले. माझे मत विचाराल तर मी "साठ-सत्तर लाख पट" एवढेच म्हणेन आणि त्यापुढचा अंक कोणी ठामपणे सांगितला तर त्याला पुरावा मागेन.

शहाद्याची_प्राध्यापिका
१७ फेब्रुवारी, रात्री ८.००

एक दुरुस्ती, किंवा पुरवणी. वस्तुमान तेजावरून काढले की ते प्रारूपावर अवलंबून राहते, हे खरे. परंतु तारा जोडीत असेल तर एकमेकांभोवतीच्या फेऱ्यांवरून त्या अनुमानाला पडताळा मिळतो. त्याच टॅरँट्युला तेजोमेघातील मेलनिक ३४ या जोडीचा एक फेरा १५५ दिवसांचा आहे आणि तिचे दोन तारे सुमारे १३९ व १२७ सूर्यांचे निघाले. तेव्हा शंभराहून जड तारे हा केवळ कागदावरचा खेळ नाही.

केळीवाला_रावेर
२६ एप्रिल, रात्री ११.४५

दोन महिन्यांनी धागा वर काढतो आहे, क्षमस्व.

क्षितिजाखालच्या ताऱ्याचे दुःख करण्यापेक्षा क्षितिजावरचा गाठावा असे ठरवून ईटा कॅरिनीविषयी वाचले. ७५०० प्रकाशवर्षांवरची ही जोडी सूर्याच्या सुमारे ५० लाख पट तेजस्वी आहे. जॉन हर्शल यांनी केप ऑफ गुड होपहून १८३७ च्या डिसेंबरात तिला एकाएकी उजळताना पाहिले, आणि १८४३ च्या मार्चमध्ये ती अगस्त्यालाही मागे टाकून व्याधाच्या खालोखाल जाऊन बसली. त्या उद्रेकात दहाहून अधिक सूर्यांइतके द्रव्य बाहेर फेकले गेले आणि तारा त्याच धुळीच्या आड गेला. १८४३ च्या उन्हाळ्यात आपल्या भागातील माणसे अंगणात बाजा टाकून झोपत असतील, तेव्हा दक्षिणेला हा दिवा त्यांना दिसलाच असणार. कोणी काय म्हटले असेल कोण जाणे.

आमच्याकडून ती जास्तीत जास्त नऊ अंश वर येते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी. एप्रिलअखेर रात्री नऊच्या सुमारास ती नेमकी दक्षिणेला असते. मी पाच रात्री प्रयत्न केला. दिवसा पारा ४४ वर, त्यामुळे रात्रीही खालचे आकाश मातकट. चार रात्री काहीच नाही. पाचव्या रात्री, दुपारच्या वळवाच्या सरीने धूळ बसल्यावर, पुतण्याच्या बायनॉक्युलरमधून त्रिशंकूच्या उजवीकडे धूसर उजेडाचा एक पट्टा आणि त्यात एक तांबूस ठिपका दिसला. तोच होता काय?

अमळनेरचा_मास्तर
२७ एप्रिल, सकाळी ७.३०

भाऊ, वर्णन जुळते. ईटा कॅरिनी तेजोमेघात गुंतलेली आहे, आणि आजकाल तिची प्रत चारच्या थोडी पुढे असते. आपली जागाही योग्य आहे. दक्षिणेचे खालचे तारे पाहायचे तर पाठीशी सातपुडा आणि पुढ्यात तापीचे मोकळे खोरे हवे. यावलहून पाहिले असते तर भुसावळच्या दिव्यांची झाक मध्ये आली असती. चाळीसगावकडे, जेथे भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याचा शिलालेख आहे त्या पाटणादेवी परिसरात, काळोख उत्तम मिळतो, पण दक्षिण झाकलेली असते.

गिरणाकाठ
२७ एप्रिल, दुपारी १.१०

गुरुजी, बायनॉक्युलर नसलेल्यांसाठी काही आहे काय? नुसत्या डोळ्यांनी आपल्याकडून दिसणारा, खऱ्या अर्थाने सर्वांत तेजस्वी तारा कोणता?

लळिंगवरून
२७ एप्रिल, रात्री १०.४०

नुसत्या डोळ्यांनी ईटा कॅरिनी आपल्या धुळीत धरता येत नाही असे मानले, तर माझी पसंती नाओसला आहे. नौका तारकासमूहातील हा निळसर तारा २.२५ प्रतीचा असून काही अनुमानांनुसार सूर्याच्या पाच लाख पटींहून अधिक तेजस्वी आहे, आणि फेब्रुवारीत अगस्त्यापेक्षा वर, जवळजवळ तीस अंशांवर येतो. अगस्त्याकडे सगळे पाहतात, याच्याकडे कोणी पाहत नाही. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारेही साधे नाहीत. त्यांतील मधला दोन लाख सूर्यांहून अधिक भरतो. राजन्य त्यांच्याहून ठळक दिसतो, पण त्याचे तेज साठ हजार ते सव्वा लाखाच्या दरम्यान सांगितले जाते.

पाऊस संपल्यावर हंसातील पी सिग्नी पाहावा. १६०० साली ब्लाऊ यांनी तो प्रथम नोंदवला, तेव्हा तो तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळला होता. आज ४.८ प्रतीवर आहे. अंतर पाच हजार प्रकाशवर्षांच्या आसपास, तेज सहा लाख सूर्यांइतके. हंसाच्या छातीवरील ताऱ्यापासून तो हाकेच्या अंतरावर आहे.

केळीवाला_रावेर
नवरात्र, तिसरी माळ, रात्री ९.१५

पावसाने उघडीप दिल्यावर आज हंस डोक्यावर स्वच्छ मिळाला. गच्चीवरून छातीचा तारा धरून शोध घेतला, तर तेथे सारख्याच तेजाचे दोन मंद तारे शेजारी शेजारी दिसले. नकाशात पाहिले: एक पी सिग्नी, ४.८ प्रतीचा, आणि दुसरा २९ सिग्नी, ४.९ प्रतीचा. दुसरा केवळ १३३ प्रकाशवर्षांवर आहे आणि सूर्याच्या जेमतेम पंधरा पट तेजस्वी. मी आणि पुतण्या अर्धा तास पाहत होतो. सहा लाखांचा कोणता आणि पंधराचा कोणता, यावर त्याने आणि मी वेगवेगळी बोटे दाखवली. नकाशा उलटा धरला होता असे नंतर कळले, म्हणजे त्याचे बरोबर होते.